दिनार, पेनी आणि गॅलियन : कल्पित विश्वांतील चलनाविषयी

अद्भुतकथा वाचताना आपले लक्ष राक्षस, शाप, मंतरलेली शस्त्रे आणि सात समुद्रांपलीकडचे राजवाडे यांकडे जाते. कथेतल्या माणसाच्या कनवटीला काय आहे, हे आपण सहसा पाहत नाही. वास्तववादी कादंबरीच्या चर्चेत कर्ज, हुंडा, पगार, गहाणखत हे विषय हमखास येतात. अद्भुतकथेच्या चर्चेत मात्र सोन्याची मोहर ही रत्नासारखी किंवा परीच्या पंखासारखी शोभेची वस्तू समजली जाते. आम्हांस ही विभागणी मान्य नाही. कल्पित विश्वातले नाणे हा त्या विश्वाचा सर्वांत कमी कल्पित भाग असतो, आणि त्या विश्वात कोण राबतो व कोण भोगतो याची कबुली बहुधा त्या नाण्याच्या व्यवहारातच मिळते, असे आमचे म्हणणे आहे. त्यासाठी भारतीय कथापरंपरेतले एक उदाहरण आणि आधुनिक इंग्रजी अद्भुतसाहित्यातली काही उदाहरणे येथे एकत्र पाहू. ही दोन टोके वाटतात तितकी दूर नाहीत, हे पुढे दिसेलच.

आरंभ आपल्या भाषेपासूनच करणे सोयीचे. एखादी गोष्ट 'सोळा आणे' खरी असते, कोणी 'फुटकी कवडी' देत नाही, कोणाची चमडी जाते पण दमडी जात नाही, कोणाजवळ 'छदाम' नसतो. आणे १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती आल्यावर हिशेबातून गेले. कवडी, दमडी आणि छदाम त्याच्याही पूर्वी गेले. चार आण्यांची आठवण देणारे पंचवीस पैशांचे नाणेदेखील २०११ च्या जूनअखेरीस चलनातून बाद झाले. तरी बोलण्यात ही सारी नाणी चालतात, आणि ज्यांनी आणा डोळ्यांनी पाहिलेला नाही अशांच्याही तोंडी ती चालतात. बाजारातून उठलेले नाणे भाषेत जाऊन राहते. अद्भुतकथा हे त्याचे असेच दुसरे वसतिस्थान होय.

सोमदेवाचा 'कथासरित्सागर' अकराव्या शतकात काश्मीरमध्ये, राणी सूर्यमतीच्या मनोरंजनासाठी रचला गेला. त्याचे मूळ गुणाढ्याच्या लुप्त 'बृहत्कथे'त सांगितले जाते, आणि कथेतला गुणाढ्य प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या दरबारातला. विद्याधर, वेताळ, यक्ष यांनी गजबजलेल्या या ग्रंथात पैशाचा उल्लेख पदोपदी आहे. तो दोन तऱ्हांचा आहे. एक तऱ्हा पुत्रकाच्या कथेत दिसते. शंकराच्या वराने हा मुलगा रोज झोपेतून उठला की त्याच्या उशाशी लक्ष सुवर्णमुद्रा सापडतात. तो दानधर्म करतो, राजा होतो, पुढे पाटलिपुत्र वसवतो. रोज एक लक्ष सुवर्णमुद्रा गावात ओतल्यावर तांदळाचा भाव काय झाला असेल, हा प्रश्न त्या कथेत उद्भवत नाही. हे सोने कोणी मिळवलेले नाही. ते केवळ मिळालेले आहे.

दुसरी तऱ्हा मूषक श्रेष्ठीची. विशाखिल नावाचा धनिक व्यापारी दुसऱ्याच एकाला खडसावताना म्हणतो की, कर्तबगार माणसाला जमिनीवर पडलेला हा मेलेला उंदीरही भांडवल म्हणून पुरेल, आणि ते एक निर्धन तरुण ऐकतो. तरुण तो रीतसर लेखी पोच देऊन उचलतो आणि एका वाण्याला मांजराच्या खाण्यासाठी विकतो. बदल्यात दोन ओंजळी हरभरे मिळतात. ते भरडून, पाण्याचा घडा घेऊन तो गावाबाहेरच्या चौकात बसतो. दमून आलेल्या मोळीविक्यांना पाणी आणि हरभरा देतो. ते प्रत्येकी दोन दोन लाकडे त्याला देतात. पुढे तो तीन दिवसांचे सगळे लाकूड विकत घेऊन ठेवतो, अतिवृष्टीने लाकडाचा तुटवडा पडतो, आणि त्याच लाकडाचे शेकडो पण होतात. शेवटी तो सोन्याचा उंदीर घडवून विशाखिलाला परत करतो. या कथेत जादू नाही. उन्हातून लाकडे वाहून आणलेल्या माणसांची तहान हे तिचे खरे भांडवल आहे. तुटवड्याच्या वेळी नफा कोणाला झाला आणि मोळीविक्यांना काय मिळाले, हेही ती न लपवता सांगून जाते.

या दोन तऱ्हांचा संगम वीरवराच्या कथेत होतो. हा योद्धा राजाकडे चाकरी मागताना रोजचे पाचशे दिनार मागतो. घरी बायको, मुलगा आणि मुलगी एवढीच माणसे. राजा मागणी मान्य करतो, पण हा एवढ्या पैशाचे करतो काय, हे पाहण्यासाठी मागावर हेर ठेवतो. हेरांना दिसते ते असे : शंभर दिनार घरखर्चासाठी पत्नीच्या हाती, शंभर वस्त्रे वगैरेंसाठी, शंभर हरिहरांच्या पूजेसाठी आणि उरलेले दोनशे ब्राह्मणांना व दीनदुबळ्यांना. सगळ्या अद्भुताच्या मध्यभागी हा एका माणसाचा रोजचा जमाखर्च आहे. पुढे राजाचे आयुष्य वाचवण्यासाठी वीरवराला आपल्या मुलाचा बळी द्यावा लागतो. पाचशे हा आकडा कथेत का आला, याचा उलगडा तेव्हा होतो. एवढा रोजमुरा देणारा धनी शेवटी काय मागू शकतो, हेच ही कथा विचारते.

आता या दिनाराविषयी. सोमदेवाच्या प्रांतात 'दिन्नार' हे हिशेबाचे अगदी क्षुल्लक एकक होऊन बसले होते. कल्हणाच्या 'राजतरंगिणी'त (११४८-४९) नवव्या शतकातल्या अवंतिवर्म्याच्या राज्याचे वर्णन आहे. सुय्याने नद्यांचे पाणी आवरून शेतीला दिल्यावर एक खारी तांदळाचा भाव दोनशे दिन्नारांवरून छत्तीसवर आला, असे कल्हण नोंदवतो. या दिन्नाराचे मोल किती अल्प होते, हे ऑरेल स्टाईन यांनी १९०० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या भाषांतराच्या टिपणांत तपशिलाने दाखवले. पूर्वीच्या भावाने पाचशे दिन्नारांत अडीच खारी तांदूळ आला असता. राजाने मागावर हेर ठेवावेत एवढी ही रक्कम नव्हे. तेव्हा वीरवराचा दिनार बाजारातला नव्हे. तो पूर्वीच्या सुवर्णदिनाराच्या आठवणीतला, गुप्तकालीन शिलालेखांत ज्याची दाने नोंदली गेली त्या दिनाराच्या कुळातला आहे. सोमदेवाने नाणे कल्पिले नाही. मेलेले नाणे जिवंत ठेवले.

हिशेबाची कोष्टके आपल्याकडे किती चोख होती, याची साक्ष भास्कराचार्यांच्या 'लीलावती'च्या (सुमारे ११५०) आरंभीच मिळते. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे एका द्रम्माच्या बाराशे ऐंशी कवड्या. याच ग्रंथात एका कृपणाचे उदाहरण आहे. त्याने याचकाला द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या एक पंचमांशाच्या एक षोडशांशाचा एक चतुर्थांश दिला, तर किती कवड्या दिल्या? उत्तर येते : एक. अपूर्णांकांची एवढी मोठी मिरवणूक निघाली आणि भिकाऱ्याच्या हातावर पडली ती एकच कवडी. गणिताच्या ग्रंथातली ही दोन ओळींची गोष्ट असली, तरी नाण्याचे कोष्टक माणसाचा स्वभाव कसा मोजते, याचा याहून नेमका नमुना आम्हांस ठाऊक नाही.

'दिनार' या शब्दाचा प्रवास आपल्याला आता इंग्लंडात घेऊन जातो. रोमन 'डेनारियस'पासून संस्कृत दिनार झाला. त्याच शब्दापासून अरबी दीनारही झाला. (द्रम्म असाच ग्रीक 'ड्राख्मे'पासून आला, आणि आपला 'दाम' द्रम्मापासून, 'दाम करी काम' म्हणताना आपण नकळत ग्रीक नाणे वाजवीत असतो.) इंग्रजी पेनीचे संक्षिप्त चिन्ह १९७१ पर्यंत 'डी' होते, तेही डेनारियसचेच आद्याक्षर. आठव्या शतकातला मर्सियाचा राजा ऑफा याच्या नावाचे एक सुवर्णनाणे ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. ते खलिफा अल् मन्सूरच्या हिजरी १५७ (इ. स. ७७३-७४) मधील दीनाराची नक्कल आहे. अरबी न जाणणाऱ्या कारागिराने अल्लाची ग्वाही देणारा मजकूर जसाच्या तसा उतरवण्याचा प्रयत्न केला आणि मधोमध 'ऑफा राजा' ही अक्षरे कोरली. ती अरबी ओळींच्या हिशेबाने उलटी पडली. ख्रिस्ती राजाच्या नाण्यावर इस्लामी श्रद्धावचन! एखाद्या कादंबरीकाराने असे नाणे रचले असते, तर आपण ते अतिरंजित ठरवले असते.

ज्या चांदीच्या पेनीचे बस्तान ऑफाच्या काळात इंग्लंडात बसले, तीच टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये (१९५४-५५) भेटते. टोल्किन हा जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक. त्याने आपल्या विश्वासाठी भाषा रचल्या, लिप्या रचल्या, वंशावळी रचल्या. नाण्यांची 'कास्टार' व 'थार्नी' ही नावेही त्याने रचली होती. पण ती त्याच्या मृत्यूनंतर १९९६ साली छापल्या गेलेल्या टिपणांत आहेत, कादंबरीत नाहीत. कादंबरीत आहे ती ब्री गावच्या एका खाणावळवाल्याची अडचण. त्याच्या तबेल्यातून पाहुण्यांची तट्टे पळवली जातात. तो बारा चांदीच्या पेनी मोजून एक मरतुकडे तट्टू विकत घेतो, जे त्या किमतीच्या फार तर तिसऱ्या हिश्शाचे आहे; वर आणखी अठरा पेनी भरपाई म्हणून देऊ करतो. खाऊनपिऊन सुखी असलेल्या या माणसालाही तीस पेनींचा हा फटका जिव्हारी लागतो, एवढे लेखक सांगतो आणि पुढे जातो. कोष्टक नाही, विनिमयाचा दर नाही. तरी त्या गावात पैसा किती कष्टाने जमतो हे वाचकाला कळले. उलट 'द हॉबिट'मधल्या (१९३७) स्मॉग ड्रॅगनच्या गुहेत सोन्याचा डोंगर आहे, आणि त्याचे मोल शून्य आहे, कारण त्यातले एकही नाणे कोणाच्या हातून कोणाच्या हाती जात नाही. त्या साठ्यामुळे पुढे युद्ध पेटते, पण त्याने पावाचा तुकडाही विकत घेतला जात नाही. पुत्रकाचे उसे आणि स्मॉगची गुहा या एकाच जातीच्या जागा होत.

चलनाचे संपूर्ण कोष्टक वाचकाच्या हाती देणारी लोकप्रिय लेखिका म्हणजे जे. के. रोलिंग. हॅरी पॉटरच्या पहिल्याच पुस्तकात (१९९७) हॅग्रिड सांगतो : एकोणतीस क्नटांचा एक सिकल, सतरा सिकलांचा एक गॅलियन, आणि हे सोपेच आहे, अशी पुस्तीही जोडतो. गंमत येथेच आहे. जुन्या ब्रिटिश पद्धतीत बारा पेन्सांचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड होता. दशमानाची सवय झालेल्यांना ती वेडगळ वाटते. पण दोनशे चाळीस या संख्येला वीस विभाजक आहेत. पौंडाचे अर्धे, तिसरे, चौथे, पाचवे, सहावे, आठवे हिस्से पूर्ण पेन्सांत निघत. आपल्या रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै होत्या; तिघांत रुपया वाटायचा तर प्रत्येकी पाच आणे चार पै, बाकी शून्य. भास्कराचार्यांचा सोळा हाही चार वेळा निमपट होणारा आकडा. जुनी कोष्टके विचित्र नव्हती. ती वाटणी करणाऱ्यांची, सुटे देणाऱ्यांची कोष्टके होती. सतरा आणि एकोणतीस या मात्र मूळसंख्या. एका गॅलियनचे चारशे त्र्याण्णव क्नट दोघांतही सारखे वाटता येत नाहीत. ब्रिटनने १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान पद्धती स्वीकारली, तेव्हा रोलिंग पाच वर्षांची होती. तिने जुन्या पैशाची चव ठेवली, उपयोग काढून टाकला. नंतरच्या पिढीला जुना पैसा जसा दिसतो, तसा तो येथे आहे : अगम्य आणि म्हणूनच मोहक.

पण कोष्टक ही या पुस्तकांतली मोठी गोष्ट नव्हे. मोठी गोष्ट चौथ्या पुस्तकात (२०००) आहे. रॉन आपल्या श्रीमंत मित्राचे देणे ज्या सोन्याने फेडतो, ते आयरिश भुतांचे सोने निघते आणि काही काळाने नाहीसे होते. रॉनला हे महिन्यांनी समजते. सोने खोटे होते याचे त्याला फारसे दुःख नाही. खिशातले एवढे सोने नाहीसे झाले तरी हॅरीच्या ते लक्षातही आले नाही, याचे आहे. त्याच पुस्तकात मुक्त झालेला दास डॉबी शाळेत नोकरी धरतो. मुख्याध्यापक त्याला आठवड्याला दहा गॅलियन आणि शनिवार-रविवारची सुटी देऊ करतात. तो घासाघीस करून ते आठवड्याला एक गॅलियन आणि महिन्याला एक सुटी इतके खाली आणतो. पगार कमी व्हावा म्हणून घासाघीस करणारा नोकर पाहून वाचक हसतो, आणि मग थबकतो. हॅरीची छडी सात गॅलियनांची होती. डॉबी सात आठवडे साठवून तसली छडी घेऊ शकला असता. परंतु त्या जगाच्या कायद्याने मानवेतरांना छडी बाळगण्याची मनाई आहे. नाणे एकच, पण सर्वांच्या हाती ते सारखे चालत नाही.

शेवटच्या पुस्तकात (२००७) याहून अवघड प्रश्न येतो. पेढी सांभाळणाऱ्या गॉब्लिनांच्या समजुतीप्रमाणे वस्तू घडवणारा हाच तिचा खरा मालक असतो. पैसे मोजणाऱ्याने ती केवळ हयातीपुरती भाड्याने घेतलेली असते, आणि तो मेल्यावर ती कारागिराकडे परत यावयास हवी. जादूगार याला लोभ म्हणतात. लांब नाकाचे, धूर्त सावकार अशा या गॉब्लिनांच्या चित्रणात ज्यूंविषयीचे जुने युरोपीय पूर्वग्रह उतरले आहेत, असा आक्षेप समीक्षकांनी घेतला आहे आणि तो हलक्याने घेण्याजोगा नाही. तरीही श्रम विकले म्हणजे त्यावरचा सगळा हक्क संपतो काय, हा मालिकेतला सर्वांत धारदार अर्थशास्त्रीय प्रश्न लेखिकेने याच तिरस्कृत जमातीच्या तोंडी ठेवला, हेही नोंदवले पाहिजे.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये (१९९६) राजाचा खजिनदार सांगतो की, राज्यावर साठ लक्ष सुवर्ण ड्रॅगनांहून अधिक कर्ज आहे, आणि त्यातले निम्मे राणीच्या बापाचे. त्याच बैठकीत चाळीस हजारांच्या पहिल्या बक्षिसाची स्पर्धा जाहीर होते; सगळी बक्षिसे मिळून नव्वद हजार. राजसत्ता सिंहासनावर नव्हे तर खतावणीत असते, हे या आकड्यांनी कथेच्या प्रारंभीच सांगून टाकले.

टेरी प्रॅचेट विनोदी लेखक म्हणून ओळखला जातो, पण पैशाविषयी त्याच्याइतके गंभीर कोणी लिहिलेले नाही. 'मेन ॲट आर्म्स' (१९९३) मध्ये पहारेकऱ्यांचा नायक व्हाइम्स बुटांचा हिशेब मांडतो. त्याचा पगार महिना अडतीस डॉलर. चांगले बूट पन्नास डॉलरांना, ते दहा वर्षे टिकतात. हलके बूट दहा डॉलरांना, ते एकदोन पावसाळ्यांत फाटतात. गरीब माणूस दहा वर्षांत बुटांवर शंभर डॉलर खर्चतो आणि त्याचे पाय तरीही ओलेच राहतात. पुढे 'मेकिंग मनी' (२००७) मध्ये पेढीच्या तळघरातले सोने मुळातच नाहीसे झालेले असते. प्राचीन नगरीतून सोन्याचे चार पुतळे येणार या आशेवर सारे असतात. प्रत्यक्षात येतात चार हजार मातीचे पुतळे, न थकता राबणारे. ते कामाला लावले तर शहरातल्या माणसांची रोजी बुडेल. म्हणून त्यांतले बहुतेक जमिनीत पुरले जातात आणि त्यांच्या श्रमशक्तीच्या तारणावर कागदी चलन निघते. नाण्यामागे सोने नसून श्रम असतो, एवढेच प्रॅचेटला सांगावयाचे आहे, आणि ते त्याने प्रहसनाच्या थाटात सांगितले.

या सर्वांकडे एकत्र पाहिले तर एक कसोटी हाती येते. कल्पित विश्वाचे चलन पटण्यासाठी नाण्यांची नावे, धातू, कोष्टके पुरेशी नसतात. ती नसली तरी चालते. त्या विश्वात निदान एका माणसाचा रोज किती, हे कळावे लागते. वीरवराचे पाचशे दिनार, खाणावळवाल्याच्या तीस पेनी, डॉबीचा एक गॅलियन, व्हाइम्सचे अडतीस डॉलर : या रकमा आठवणीत राहतात, कारण त्यांच्यामागे कोणाचे तरी पोट, मानहानी किंवा मूल आहे. पुत्रकाच्या लक्ष सुवर्णमुद्रांचे तसे नाही.

ही कसोटी केवळ तांत्रिक नाही. जी कथा संपत्ती फक्त सापडते असे सांगते, गुहेत, उशाशी किंवा वारसाहक्काने, ती कथा राबणाऱ्याला आपल्या जगातून वगळते. लहानपणापासून अशा कथांवर वाढलेला वाचक श्रीमंतीला दैवाची देणगी आणि दारिद्र्याला कथानकाची गरज समजू लागतो. वर्गात अद्भुतकथा शिकवताना नायकाचे शौर्य आणि दुष्टाचे पारिपत्य यांबरोबर एक साधा प्रश्न विचारून पाहावा, असे आम्ही सुचवू : या राजवाड्यात झाडू मारणाऱ्याला संध्याकाळी काय मिळते? ज्या कथेत याचे उत्तर आहे, तिच्यातले नाणे खणखणीत वाजते. ज्या कथेत नाही, तिथे उत्तर का नाही हे शोधण्यापासून चर्चेला आरंभ करता येईल.